दोष मेंढीचा की एडक्याचा?

या सदरात आपण बहुधा माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतो. आज थोडे जनावरांच्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. पण वाचकांनी पान उलटू नये, कारण हे दुखणे मेंढवाड्यातून निघून घरापर्यंत येऊ शकते आणि ते कसे येते हेही याच लेखात पुढे सांगणार आहे.

आषाढ लागला की आपल्या कळंब तालुक्यातले बरेच मेंढपाळ खांडात एडके सोडतात. एडका म्हणजे पैदाशीचा नर मेंढा. पावसाने बांधावर कोवळे गवत आलेले असते, मेंढी अंग धरते आणि माजावर येते. आषाढात फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास विते. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला आता फारसा भाव राहिलेला नाही. घोंगड्या विणणारेही थोडे राहिले. त्यामुळे कोकरे हेच मेंढपाळाचे खरे पीक. ते पीक बुडाले तर सगळे वर्ष बुडते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांच्यामागे चालणारी कुटुंबे लक्षात घेतली तर हा विषय लहान नाही हे कळेल.

मांजरा नदीच्या काठच्या एका गावातील मेंढपाळ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांच्याकडे ७० मेंढ्या आणि दोन एडके होते. त्यांतला एक घरचाच वाढवलेला, दुसरा बाजारातून नवा आणलेला. नवा एडका अंगाने भरलेला, शिंगे वळलेली, छाती रुंद. पाहताक्षणी नजरेत भरावा असा. भाद्रपदात मामा दवाखान्यात आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, औंदा मेंढरं फळंनात. उलटायल्यात सारखी.”

उलटणे म्हणजे नर दाखवूनही मेंढी पुन्हा माजावर येणे. मेंढी गाभण राहिली नाही तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा माज करते. एखाददुसरी मेंढी उलटली तर त्यात काही विशेष नाही. पण खांडातल्या निम्म्या मेंढ्या दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उलटू लागल्या तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. मी काय केले? मेंढ्यांना जंताचे औषध दिले, क्षारमिश्रण लिहून दिले आणि महिनाभर वाट पाहायला सांगितले. एडका बाहेर बांधलेलाच होता. त्याच्याकडे पाहून मी “जनावर चांगलं आणलंत” असे म्हणालोसुद्धा. त्याच्या मागच्या पायांत हात घालून पाहण्याचे मला सुचले नाही.

दिवाळीनंतर मामांनी रिकाम्या वाटणाऱ्या ११ मेंढ्या खाटकाला विकून टाकल्या. मार्गशीर्षात सात मेंढ्यांनी गाभ टाकला, तोही दिवस भरत आलेले असताना. तेव्हा मला पुन्हा बोलावणे आले. पुढे फाल्गुनापर्यंत रखडत रखडत ४१ मेंढ्या व्याल्या. खांडात कोकरे एका वयाची राहिली नाहीत. काही हिंडायला लागली होती, तर काही अजून जन्मायची होती. विकलेल्या ११ मेंढ्यांमध्ये दोष होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही.

आपल्याकडे घरात पाळणा हलला नाही की पहिले बोट सुनेकडे जाते. मुलाला तपासा असे डॉक्टरने सुचवले तर घरातल्यांना राग येतो. मेंढवाड्यातही तीच रीत आहे. मेंढी वांझ ठरते आणि एडक्याला खुराक मिळतो. हिशेबाने पाहिले तर एक मेंढी बिघडली तर एक कोकरू जाते. एक एडका ३० ते ४० मेंढ्यांना पुरतो. तो बिघडला तर ३०-४० कोकरांवर घाला येतो.

हाताने तपासणी

मार्गशीर्षातल्या त्या दिवशी मी आधी एडका धरायला सांगितला. एडक्याचे अंड हाताने तपासणे ही अगदी साधी गोष्ट आहे. तिला ना यंत्र लागते ना वीज. मेंढपाळाने स्वतः शिकावी अशीच ती आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

एडका भिंतीला किंवा वाघरीच्या खांबाला लावून एकाने तोंडाकडून धरावा. तपासणाऱ्याने मागे बसावे. थंडीच्या पहाटे पाहू नये. गारठ्याने अंड वर ओढलेले असते आणि नीट हाताला येत नाही. ऊन चढल्यावर पाहावे. आधी नुसते डोळ्यांनी पाहावे. दोन्ही बाजू सारख्या लोंबतात का? पिशवीच्या कातडीवर जखम, खपली, गोचीड, जुना व्रण आहे का? मग दोन्ही हातांनी पिशवी वरच्या बाजूला, मानेशी हलकेच धरावी आणि दोन्ही गोळ्या खाली सरकवाव्यात. त्या पिशवीत मोकळ्या फिरल्या पाहिजेत. कातडीला चिकटलेल्या असू नयेत.

गोळी हाताला कशी लागावी? मूठ आवळून दंडाची बेटकुळी काढा आणि ती दाबून पाहा. निरोगी गोळी तशी घट्ट, पण दाबली की परत उठणारी असते. पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागली तर ती आतून सुकत चालली आहे असे समजावे. दगडासारखी टणक लागली तरी वाईटच. दोन्ही गोळ्या आकाराने जवळपास सारख्या असाव्यात. मापाच्या फितीने पिशवीचा घेर मोजून वहीत लिहून ठेवला तर आणखी चांगले. आपला दख्खनी एडका अंगाने लहान असतो, तेव्हा परदेशी पुस्तकांतील आकडे त्याला लावू नयेत. त्याच वयाच्या, त्याच खांडातल्या एडक्यांशी ताडून पाहावे.

आता खरी जागा. प्रत्येक गोळीच्या वरच्या टोकापासून एक वळणावळणाची नळी निघते, कडेने खाली उतरते आणि तळाशी एका गाठीसारख्या फुगवट्यात संपते. शास्त्रात तिला अधिवृषण म्हणतात. गोळीत तयार झालेले शुक्रजंतू या नळीतच पक्व होतात आणि तळाच्या फुगवट्यात साठून राहतात. हा फुगवटा निरोगी एडक्यातही हाताला लागतो. तो घट्ट, पण लवचीक असतो. मेंढपाळ पहिल्यांदा हात लावतात तेव्हा त्यालाच रोगाची गाठ समजून घाबरतात. म्हणून आधी दोन-तीन निरोगी एडके चाचपून हाताला सवय करावी.

जंतूंनी या नळीत घर केले की सगळ्यात आधी तळाचा फुगवटा बिघडतो. सुरुवातीला काही दिवस सूज, ताप आणि दुखणे असते. एडका पाय फाकून चालतो, चरण्यात मन नसते. ही वेळ बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे सूज ओसरते आणि आत कठीण गाठ तयार होते. फुगवटा मूळ आकाराच्या कितीतरी पट मोठा, खडबडीत आणि टणक लागतो. बऱ्याच वेळा हे एकाच बाजूला होते. नळीच बुजल्यामुळे शुक्रजंतूंना वाट राहत नाही आणि त्या बाजूची गोळी हळूहळू लहान आणि मऊ होत जाते. एडक्याची चाल, भूक, शिंगे, माज यांत मात्र काही फरक पडत नाही. तो मेंढीवर उडतो, काम करताना दिसतो. मेंढपाळ समाधानी असतो आणि मेंढ्या उलटत राहतात.

मामांच्या नव्या एडक्याच्या डाव्या बाजूला तळाशी लिंबाएवढी टणक गाठ लागली. उजवी बाजू ठीक होती. घरच्या एडक्याला हाताला काहीच लागले नाही. मामांचा जीव थोडा भांड्यात पडला. “ह्यो तरी चांगला हाय न्हवं?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मामा, रक्त पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.”

हाताला न लागणारा रोग

या रोगात जंतू वीर्यातून बाहेर पडत असतानाही साधारण निम्म्या एडक्यांत हाताला काहीच लागत नाही. गाठ लागली तर शंका घ्यायला जागा आहे. गाठ लागली नाही म्हणून एडका निर्दोष ठरत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. गाठ लागली म्हणजे एकच रोग असेही नाही. टक्कर खेळताना मार बसला, काटेरी कुंपणात अडकला, जखमेत अळ्या पडल्या, तरी गाठ होते. कातडीखालच्या गाठी फुटून हिरवट, चक्क्यासारखा घट्ट पू देणारा एक रोग मेंढ्यांना होतो. त्याचे जंतू कधी कधी अंडाच्या पिशवीतही गळू करतात. वर्षाच्या आतल्या कोवळ्या नरांत तर ॲक्टिनोबॅसिलस नावाचे आणि त्याच्या जवळपासचे दुसरे काही जंतू हीच नळी सुजवतात. नुसत्या हाताने या सगळ्यांत भेद करता येत नाही.

आणि मेंढ्या उलटण्याला जंतूच कारणीभूत असतील असेही नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४० च्या वर जातो. अंडाची पिशवी शरीराबाहेर लोंबते ती याचसाठी की आतले तापमान शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहावे. सावलीविना उभा राहिलेला एडका किंवा निळ्या जिभेसारख्या तापातून उठलेला एडका दीड-दोन महिने कमजोर वीर्य देतो. (निळ्या जिभेची भारतातील पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.) पण हा दोष तात्पुरता असतो. नवे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला सुमारे दोन महिने लागतात. तेवढे थांबले की गाडी रुळावर येते. जंतूंनी बुजवलेली नळी मात्र पुन्हा मोकळी होत नाही.

या सर्व जंतूंत ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घ्यावी तो ब्रुसेला. त्याच्या दोन जाती मेंढ्यांच्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत आणि दोन्हींची तपासणी वेगवेगळी आहे. येथे भल्याभल्यांचा घोटाळा होतो.

पहिली जात ब्रुसेला मेलिटेन्सिस. शेळ्या-मेंढ्यांत गाभ टाकणारी आणि माणसालाही होणारी ती हीच. तिचा इतिहास मोठा मजेशीर आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर इंग्रजांच्या फौजेत एक चिवट ताप पसरला होता. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून त्याचे जंतू वेगळे केले. पण ते येतात कुठून हे कळेना. १९०५ साली माल्टाच्याच थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी दाखवले की ते बेटावरच्या शेळ्यांत आहेत. शेळ्या धडधाकट दिसत होत्या आणि दूधही देत होत्या. १९०६ साली फौजेला शेळीचे दूध बंद केले आणि ताप झपाट्याने उतरला. माल्टाचे जुने नाव मेलिटा, त्यावरून जंतूचे नाव पडले आणि ब्रूसचे नाव त्याच्या कुळाला मिळाले.

दुसरी जात ब्रुसेला ओव्हिस. ही मुख्यतः एडक्यांचीच. १९५३ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात ती प्रथम ओळखली गेली. तिथे मोठमोठ्या कळपांत कोकरांची संख्या घटत होती आणि कारण सापडत नव्हते. ही माणसाला होत नाही. एडक्याकडून एडक्याकडे जाण्याची तिची वाट अशी, की एकाच माजात एका मेंढीवर दोन एडके उडतात. पहिल्याचे वीर्य दुसऱ्याला लागते आणि रोग पुढे जातो. हंगाम नसताना एकत्र कोंडलेले नर एकमेकांवर उडतात, त्यातूनही तो पसरतो. मेंढी बहुतेक वेळा नुसती वाहक ठरते आणि पुढच्या हंगामापर्यंत स्वच्छ होते. म्हणजे इथे तर दोष सरळ एडक्याचाच.

रक्ताची तपासणी

दोन्ही एडक्यांच्या मानेच्या शिरेतून मी पाच-पाच मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ नळीत घेतले. रक्त न हलवता गोठू दिले की वर पिवळसर पाणी सुटते. त्याला रक्तजल म्हणतात. तपासणी त्याचीच होते. रक्त घेऊन मोटारसायकलच्या डिकीत उन्हात टाकले आणि खड्ड्यांतून तासभर हिंडवले तर रक्तजल लाल होते आणि नमुना वाया जातो. बर्फाच्या डब्यातच न्यावे. नळीवर एडक्याची खूण लिहावी. “काळा मोठा” आणि “काळा लहान” असे लिहिलेले नमुने पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. कानात बिल्ला असेल तर त्याचा क्रमांक लिहावा, नसेल तर आधी बिल्ला मारून घ्यावा.

पहिली चाचणी रोज बेंगाल नावाची. मारलेले ब्रुसेलाचे जंतू गुलाबी रंगवून केलेले द्रावण असते. पांढऱ्या पाटीवर रक्तजलाचा आणि या द्रावणाचा थेंब एकत्र ढवळून चार मिनिटे पाहायचे. रक्तात ब्रुसेलाविरुद्ध तयार झालेली द्रव्ये असतील तर दही फाटल्यासारखे गुलाबी कण दिसतात. नसतील तर पाणी सारखे राहते. गायी-म्हशींसाठी दोन्ही थेंब सारखे घेतात. शेळ्या-मेंढ्यांसाठी रक्तजल तिप्पट आणि द्रावण एक भाग घेतले तर चुकून सुटणारी जनावरे कमी होतात. ही बारीकशी गोष्ट कामाच्या घाईत विसरली जाते.

मामांच्या दोन्ही एडक्यांचे थेंब फाटले. हाताला काहीही न लागलेला घरचा एडकाही सुटला नाही. खात्रीसाठी नमुने पुढच्या चाचणीला पाठवले. रोज बेंगाल ही चाळणी आहे, निकाल नव्हे. चाळणीत अडकलेले नमुने एलायझा किंवा तशाच दुसऱ्या चाचणीने पक्के करावे लागतात. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यामार्फत नमुने तिकडे जातात. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथेही विचारणा करता येते. टाकलेले कोकरू किंवा जार ताजा असेल तर त्याचाही नमुना पशुवैद्यकाकडून घ्यावा. जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवणे हा सगळ्यात बळकट पुरावा असतो. पण ते काम धोक्याचे आहे, योग्य प्रयोगशाळेतच होते आणि त्याला दिवस लागतात.

आता वर म्हटलेला घोटाळा. रोज बेंगाल चाचणीत ब्रुसेला ओव्हिस सापडतच नाही. त्याच्या अंगावरचे आवरण वेगळ्या घडणीचे असते, त्यामुळे गुलाबी द्रावणाला त्याची ओळख पटत नाही. एडक्याच्या तळाला टणक गाठ आहे, मेंढ्या उलटत आहेत आणि रोज बेंगाल मात्र निर्दोष. अशा वेळी “ब्रुसेला नाही” असे लिहून फाईल बंद करू नये. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत “ओव्हिससाठी वेगळी चाचणी करावी” असे स्पष्ट लिहावे. चिठ्ठीत नुसते “ब्रुसेला तपासणी” असे लिहिले तर जे मागितले तेच उत्तर येते.

दुसरे असे की, आजच लागण झालेल्या एडक्याच्या रक्तात ती द्रव्ये दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिली चाचणी निर्दोष आली तरी चार ते आठ आठवड्यांनी दुसरी घ्यावी. बाजारातून आणलेला एडका तोपर्यंत वेगळा बांधावा.

वीर्याची तपासणीही मोलाची असते. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशी आणि मुंडके तुटलेले शुक्रजंतू दिसले तर नळीत बिघाड आहे हे गाठ यायच्या आधीच कळते. मात्र जंतू प्रत्येक वेळी वीर्यात उतरतातच असे नाही. एका नमुन्यावर विसंबू नये. शिवाय एडक्याचे वीर्य काढण्याची सोय गावोगावच्या दवाखान्यात नसते.

मग एडक्याचे काय करायचे?

हा प्रश्न मामांनी मला विचारला तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. मोठ्या किमतीचे जनावर होते. “इंजेक्शन नाय का काही?” त्यांनी विचारले. टेट्रासायक्लिनसारखी औषधे जंतूंना काही काळ दाबतात. पण जंतू मुळापासून जातील याची खात्री नसते आणि बुजलेली नळी मोकळी होत नाही. खर्च होतो आणि एडका तसाच राहतो. लस विचारणारेही भेटतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलाची लस आहे, पण ती गायी-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांसाठी. ती एडक्याला टोचा असा आग्रह कोणी धरू नये.

बाधित एडका पैदाशीतून काढणे एवढाच मार्ग उरतो. आणि इथेच माणसाची परीक्षा असते. असा एडका बाजारात “पैदाशीचा” म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे सोपे आहे. मामांच्याही गळ्यात तो असाच आला असणार. विकणाऱ्याला ते ठाऊक होते की नव्हते, देव जाणे. ब्रुसेला हा २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्यातला रोग आहे. तो कळवणे मालकावर बंधनकारक आहे आणि बाधित जनावर बाजारात नेण्यास मनाई आहे. विल्हेवाट पशुवैद्यकाच्या सांगण्यानुसारच करावी. मामांनी दोन्ही एडके खांडातून काढले. गाभ टाकलेल्या मेंढ्याही तपासून घेतल्या आणि दोषी निघालेल्या वेगळ्या केल्या. एडका काढला पण दोषी मेंढ्या तशाच ठेवल्या तर मेलिटेन्सिस खांडातच राहतो. आणि शेळ्या त्याच वाड्यात असतील तर त्यांना आणि बोकडालाही सोडून चालत नाही.

मेंढपाळाचा ताप

रक्त घेताना मामा मधूनमधून कमरेवर हात ठेवत होते. विचारले तर म्हणाले, महिनाभर ताप येतो-जातो, संध्याकाळी अंग तापते, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइडचे औषध झाले, मलेरियाचे झाले. मामी म्हणाल्या, “मेंढरानं टाकलं की हेच हातानं सोडवत्यात. त्या हातानंच तंबाखू मळत्यात.”

गाभ टाकलेल्या मेंढीच्या जारेत आणि पाण्यात हे जंतू अक्षरशः कोट्यवधी असतात. हाताच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून ते माणसात शिरतात. दुसरा रस्ता कच्च्या दुधाचा. पुरुषांमध्ये हा रोग कधी कधी अंड सुजवतो, म्हणजे एडक्याचे दुखणे माणसातही त्याच जागी येते. लाजेने माणसे ते सांगत नाहीत. सोलापूरच्या शेजारच्या विजापूर येथील डॉक्टरांनी १६ वर्षांत पाहिलेल्या ४९५ प्रौढ ब्रुसेला रुग्णांची माहिती २००६ साली प्रसिद्ध केली. त्याआधी २००४ साली ९३ मुलांची माहिती दिली होती. विजापूरचे रान आणि आपले रान फारसे वेगळे नाही. तिकडे इतके रुग्ण सापडले, कारण तिकडे कोणीतरी शोधले.

म्हणून मेंढपाळाला, खाटकाला, दूध काढणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांहून जास्त ताप राहिला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, “मी मेंढरं राखतो, आमच्या मेंढ्यांनी गाभ टाकला होता.” या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. माणसात हा रोग बरा होतो, पण त्यासाठी दोन औषधे किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली की तो उलटतो. मामांना मी चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवले. रक्तात ब्रुसेलाच निघाला. औषधे पूर्ण केल्यावर उन्हाळ्यात ते बरे झाले. कंबर अजून कुरकुरते म्हणतात.

टाकलेले कोकरू आणि जार कुत्र्यापुढे फेकू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून उचलावे आणि चुना टाकून खोल पुरावे. गरोदर बाईला या कामाला लावू नये. दूध उकळूनच प्यावे. धारोष्ण दुधाची गोडी आम्हालाही माहीत आहे, पण ती गोडी इथे महाग पडते.

एडका विकत घेणाऱ्यासाठी थोडे. बाजारात शिंगे, दात आणि पाठ पाहण्याची रीत आहेच. त्यानंतर मागे बसून हात घालावा. विकणारा हात घालू देत नसेल तर तिथूनच परत फिरावे. शक्य तो न लागलेला, तरुण एडका माहितीच्या खांडातून घ्यावा. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी देणाऱ्या नारी सुवर्णा मेंढ्या तयार केल्यापासून चांगल्या एडक्याचे मोल वाढले आहे. अशा महागड्या एडक्याची रक्ततपासणी न करता पैसे मोजणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेण्यासारखे आहे.

आणि वेळ कोणती? येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा आटोपली की एडके धरावेत. तेव्हा हाताने तपासून रक्त द्यावे. ज्येष्ठात दुसरे रक्त द्यावे. दोन्ही निर्दोष आले की आषाढात एडका सोडायला मोकळा. एखादा दोषी निघाला तर दुसरा शोधायलाही तेवढे दिवस हातात राहतात. मामांनी यंदा तसेच केले. नवा एडका आणला, चैत्रात आणि ज्येष्ठात रक्त दिले, आणि दुसरा कागद हातात पडेपर्यंत एडका खांडापासून लांब, लिंबाखाली बांधून ठेवला. रोज संध्याकाळी तो मेंढ्यांकडे तोंड करून ओरडायचा. मामा म्हणायचे, “वरडू दे. कागद आल्याबिगर सोडत न्हाय.”